लॉबीतले पाऊल: शालेय कबड्डीत सीमेबाहेर गेलेल्या खेळाडूचा न्याय

कबड्डीचे मैदान कागदावर आखले तर तो एक साधा आयत असतो, परंतु सामना सुरू झाल्यावर त्या आयताची रुंदी चढाईगणिक बदलत राहते आणि शालेय सामन्यांत पंचाचे काम करणाऱ्याचा खरा कस लावणारे बहुतेक निर्णय या बदलत्या रुंदीतूनच उद्भवतात. पुरुष आणि कुमार गटासाठी मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मात्र दोन्ही बाजूंचा एकेक मीटरचा पट्टा, ज्याला नियमपुस्तकात राखीव क्षेत्र आणि प्रत्यक्ष मैदानावर सर्रास लॉबी म्हणतात, तो चढाईच्या प्रारंभी खेळात धरला जात नाही, म्हणजेच खेळ ८ मीटर रुंदीत सुरू होतो. महिला आणि कुमारी गटात मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असल्यामुळे हीच रुंदी ६ मीटरवर येते. चढाई करणारा खेळाडू आणि बचाव करणारा कोणी यांचा एकमेकांना स्पर्श झाला की झटापट सुरू झाली असे मानले जाते, आणि त्या क्षणापासून झटापटीत सामील असलेल्यांसाठी दोन्ही लॉबी मैदानाचा भाग होतात. एकाच जागेवर पडलेले एकच पाऊल स्पर्शाच्या आधी पडले तर खेळाडू बाद आणि स्पर्शानंतर पडले तर तोच खेळाडू खेळात, असा हा नियम आहे. त्यामुळे पंचाला पाऊल कोठे पडले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते कधी पडले हे पाहावे लागते.

अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातील परतवाडा हे मेळघाटच्या पायथ्याचे गाव, चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या रस्त्यावरचे आणि सागवानी लाकडाच्या बाजारासाठी ओळखले जाणारे. या भागातील शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात, आणि त्यांतील पहिल्या पायरीचे सामने पावसाळ्यात किंवा तो सरता-सरता, शाळेच्या मोकळ्या मैदानावर, काळ्या मातीत खेळवले जातात. मॅटवरच्या कबड्डीत लॉबीचा रंगच वेगळा असतो, त्यामुळे पंचाच्या नजरेला आधार मिळतो. मातीवर मात्र सगळा आधार फक्कीच्या रेषेचा. फक्की म्हणजे मैदान आखण्याची पांढरी भुकटी. दोन खुंट्यांना सुतळी ताणून तिच्या कडेने ती हाताने किंवा छिद्रे पाडलेल्या डब्यातून सोडली जाते. नियमाप्रमाणे रेषेची जाडी ३ ते ५ सेंटिमीटर असावी आणि ती रेषा मैदानातच धरली जावी. परंतु हाताने सोडलेली फक्की कोठे बोटभर तर कोठे ओंजळभर पसरते, पावसाची एक सर आली की रेषा विरघळते, आणि ती पुन्हा मारली जाते तेव्हा जुन्या रेषेचा फिकट माग नव्या रेषेच्या चार बोटे बाहेर राहून जातो. अशा वेळी एकाच मैदानावर दोन सीमा दिसू लागतात; खेळाडू एकीकडे पाहून खेळतो आणि कडेला उभे असलेले गावकरी दुसरीकडे पाहून ओरडतात. म्हणून जाणता पंच सामन्याआधी नाणेफेकीपूर्वीच चारही बाजू फिरून येतो, जुना माग पायाने मोडून टाकतो आणि दोन्ही कर्णधारांना रेषेची बाहेरची कड दाखवून तीच सीमा आहे असे सांगतो. हे काम दोन मिनिटांचे असते. ते न केल्यास त्याची किंमत पुढे सामना थांबवून मोजावी लागते.

या भागात पंचाचे काम करणारे बहुतेक जण शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयात झालेले असते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती, ही गोष्ट जिल्ह्यातील क्रीडाशिक्षक आजही अभिमानाने सांगतात. हुतूतू म्हणून गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळल्या जाणाऱ्या खेळाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात आणि बडोद्यात लेखी नियमांचे रूप आले, आणि तेव्हापासून सीमा हा या खेळातील मोठा प्रश्न राहिला आहे, कारण अंगणात खेळल्या जाणाऱ्या हुतूतूला कड होती ती भिंतीची, कुंपणाची किंवा गोठ्याची, रेषेची नव्हे. भिंतीला टेकलेला खेळाडू आत की बाहेर असा वाद होत नाही; रेषेवर टेकलेल्याचा होतो.

नियमाचा गाभा थोडक्यात असा आहे. खेळ चालू असताना ज्याच्या शरीराचा कोणताही भाग सीमेबाहेरच्या जमिनीला टेकतो तो बाद होतो. मात्र झटापट चालू असताना एखाद्याचा हात किंवा पाय बाहेर टेकला तरी शरीराचा काही भाग सीमेच्या आत संपर्क राखून असेल तर तो बाद ठरत नाही. बचाव करणारा खेळाडू आधी सीमेबाहेर गेला आणि मग त्याने चढाई करणाऱ्याला पकडले, तर ती पकड धरली जात नाही. बाहेर गेलेला बचावपटू तेवढा बाद होतो आणि चढाई करणारा सुटतो. यातील सर्वांत अवघड भाग पुढचा आहे: चढाई चालू असताना कोणी बाहेर गेल्यास पंचाने शिटी वाजवायची नसते, कारण शिटी वाजली तर चढाई थांबते आणि दुसऱ्या बाजूचा हक्क बुडतो, त्याने त्या खेळाडूचा क्रमांक मोठ्याने पुकारून त्याला बाहेर काढायचे आणि चढाई तशीच चालू ठेवायची असते. म्हणजे जो बाद झाला आहे त्याला पंचाच्या दृष्टीने त्या क्षणापासून मैदानात स्थान नाही, तरी त्याचे शरीर अजून मैदानात आहे, आणि अंगात आलेल्या जोरामुळे बऱ्याचदा तोच सर्वांत आधी पुढे धावून पकड करतो. त्याने केलेल्या पकडीचा गुण द्यायचा नाही, परंतु त्याच्या शेजारच्याने स्वतंत्रपणे घातलेली पकड मात्र द्यायची, हा भेद दोन-तीन सेकंदांत करावा लागतो.

हा भेद जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. डाव्या कोपऱ्यातील रक्षक, ज्याला कोपरारक्षक म्हणतात, चढाई करणाऱ्याच्या घोट्यावर झेप घेण्यासाठी पाय रोवून उभा असतो. त्याच्या टाचेमागे अंतिम रेषा असते आणि बाजूला लॉबीची रेषा. चढाई करणारा बोनस रेषेकडे पाय टाकतो, रक्षक अंग मागे घेतो, आणि त्या मागे घेण्यात त्याची टाच अंतिम रेषेच्या पलीकडच्या ओल्या मातीत क्षणभर रुतते. लगेच तो पुढे झेपावून घोटा पकडतो, मधला रक्षक येऊन कमरेला मिठी मारतो आणि चढाई करणारा खाली येतो. कडेला जल्लोष होतो. बाजूच्या पंचाची नजर या सर्व वेळी बोनस रेषेवर आणि चढाई करणाऱ्याच्या पायावर असते, कारण तेथे एक गुण ठरायचा असतो. टाच पाहणारा एकच माणूस असतो, अंतिम रेषेजवळ बसलेला रेषा पंच. त्याने क्रमांक पुकारला असेल तर घोट्याची पकड निष्फळ ठरते आणि प्रश्न उरतो तो कमरेच्या मिठीने एकटीने चढाई थांबली असती का, हा. त्याने पुकारला नसेल तर निर्णय पकडीचा होतो आणि टाचेचा ठसा तेवढा मातीत राहतो.

मातीवर पंचगिरी करणाऱ्याला या ठशाचा मोह फार पडतो. चढाई संपल्यावर खेळाडू बोट दाखवतात, “सर, पाय बायर होता त्याचा, हे पाहा ना,” असे म्हणतात, आणि खरोखरच रेषेपलीकडे टाचेची खूण असते, फक्की उडालेली असते. परंतु ती खूण या चढाईची की मागच्या, ती स्पर्शाच्या आधीची की नंतरची, हे माती सांगत नाही. ठसा जागा दाखवतो, वेळ दाखवत नाही, आणि निर्णय तर वेळेवर अवलंबून असतो. म्हणून खाली वाकून मातीकडे पाहणारा पंच प्रामाणिकपणे पाहत असला तरी चुकीच्या पुराव्याकडे पाहत असतो. अनुभवी पंच त्यामुळे दोन सवयी लावून घेतात. एक म्हणजे दोन चढायांच्या मधल्या क्षणात आपल्या बाजूच्या रेषेवरून पायाने माती सारखी करणे, आणि दुसरी म्हणजे स्पर्श झालेला दिसताच तो मनात शब्दाने नोंदवणे, कित्येक जण तर ओठांतल्या ओठांत ‘टच’ असे म्हणतात, जेणेकरून पुढचे प्रत्येक पाऊल त्या शब्दाच्या आधी पडले की नंतर हे आठवता यावे.

एकाच शिक्षकाला सकाळी खो-खो आणि दुपारी कबड्डी अशी दोन्हींची पंचगिरी करावी लागते, आणि तेव्हा या नियमांचे वेगळेपण अधिक ठळक होते. खो-खोत पळती करणाऱ्याचे दोन्ही पाय मैदानाच्या मर्यादेबाहेर गेले तरच तो बाद होतो, एक पाय आत असला तर तो सुरक्षित असतो. कबड्डीत झटापट नसताना एका पायाची बोटेही पुरतात. तीच फक्की, तेच मैदान, बहुधा तीच मुले, आणि न्याय मात्र निराळा. दुपारच्या पहिल्या काही चढायांत सकाळची सवय डोळ्यांत राहते आणि पंच अभावितपणे दुसऱ्या पायाची वाट पाहतो, ही चूक ज्यांनी दोन्ही खेळ दीर्घकाळ सांभाळले आहेत त्यांना चांगली परिचयाची आहे.

सीमेबाहेर जाऊन पुन्हा खेळात येणाऱ्या खेळाडूचा प्रश्न इतरत्रही शालेय पातळीवरच सर्वाधिक गुंतागुंतीचा ठरलेला दिसतो. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत खेळल्या जाणाऱ्या तिकडच्या फुटबॉलचे नियम त्या देशातील राज्य शालेय संघटनांचा राष्ट्रीय महासंघ ठरवतो, आणि त्या नियमांत बाजूची रेषा हीच बाहेर धरली जाते, म्हणजे रेषेला बोट लागले तरी खेळाडू बाहेर. कबड्डीच्या अगदी उलट. तेथे सीमेबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या खेळाडूला किंवा पंचाला स्पर्श झाल्याने कोणी बाहेर ठरत नाही, जमिनीला किंवा अन्य वस्तूला स्पर्श व्हावा लागतो. चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे त्या संघाचा खेळाडू आपण होऊन बाहेर गेला आणि तोच डाव चालू असताना परत आला तर तो बेकायदा सहभाग ठरून १५ यार्डांचा दंड होतो. मात्र प्रतिस्पर्ध्याने अडवून त्याला बाहेर घालवले असेल तर दोष राहत नाही, फक्त पहिल्या संधीला त्याने आत यायला हवे. येथेही पंचाला कोठे यापेक्षा कसे आणि कोणामुळे हे पाहावे लागते. तिकडच्या रेषेवरच्या पंचाची एक पद्धत मात्र विशेष लक्षात घेण्यासारखी आहे: खेळाडू बाहेर गेला की तो आपल्या डोक्यावरची टोपी त्या जागी टाकतो, आणि डाव संपेपर्यंत ती टोपी त्याच्या स्मरणाची साक्ष म्हणून गवतावर पडून राहते. कबड्डीच्या चढाईला फार तर ३० सेकंद मिळतात, त्यात टोपी टाकायला जागा नाही. येथे साक्ष आवाजाची असते, क्रमांक मोठ्याने पुकारण्याची, आणि ज्याने त्या वेळी पुकारले नाही त्याने नंतर आठवून सांगितलेले कोणी मानत नाही, मानूही नये.

लॉबीचा नियम केवळ तालुक्याच्या मैदानावर गोंधळ घालतो असे समजण्याचे कारण नाही. हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी झालेल्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ अशा बरोबरीत असताना, शेवटचे जेमतेम मिनिट उरलेले असताना, भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईत कोणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले. स्पर्श नसल्यामुळे लॉबी खेळात आलीच नव्हती, तेव्हा चढाई करणारा बाद हे निर्विवाद होते. वाद होता तो त्याच्यामागे गेलेल्यांचा. एका वाचनाप्रमाणे तेही न उघडलेल्या लॉबीत गेल्याने बाद होतात; दुसऱ्या वाचनाप्रमाणे चढाई करणारा बाद झाला त्याच क्षणी चढाई संपली, त्यामुळे नंतर कोण कोठे गेले याचा विचार करायचा नसतो. निर्णय फिरत राहिला, सामना बराच वेळ थांबला, आणि अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. त्या दिवसानंतर शाळाशाळांतील मुले पंचाला लॉबीबद्दल प्रश्न विचारू लागली, आणि हे फार चांगले झाले. कारण त्याआधी अनेक संघांना लॉबी म्हणजे केवळ मैदानाची शोभेची कड वाटत असे. जगातील निवडक पंच, कॅमेरे आणि फेरतपासणीची सोय असूनही जेथे एकमत व्हायला इतका वेळ लागतो, तेथे एका शिटीवर आणि दोन डोळ्यांवर चालणाऱ्या शालेय सामन्यात चूक होणे समजण्यासारखे आहे. समजण्यासारखे नाही ते हे की त्या दोन डोळ्यांना मदत करायला ठेवलेले दुसरे दोन डोळे बहुतेक वेळा कामावर नसतात.

नियमाप्रमाणे सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि त्याचे दोन सहायक असतात. या सहायकांनाच बोलीत रेषा पंच म्हणतात. बाद झालेल्या खेळाडूंना त्यांच्या चौकटीत ओळीने बसवणे, ते कोणत्या क्रमाने बाद झाले हे लिहून ठेवणे, कारण त्याच क्रमाने ते पुन्हा खेळात येतात, आणि अंतिम रेषेवरून कोणी बाहेर गेले तर पंचाला सांगणे, ही कामे त्यांच्याकडे असतात. प्रत्यक्षात तालुका पातळीवर ही जागा हरलेल्या संघातील एखाद्या विद्यार्थ्याला, यजमान शाळेच्या शिपायाला किंवा जो जवळ उभा असेल त्याला दिली जाते, आणि कित्येकदा एकच माणूस दोन्ही टोके सांभाळतो. त्याची मान वहीत असते तेव्हा टाच बाहेर जाते, आणि टाचेकडे पाहतो तेव्हा बाद खेळाडूंचा क्रम चुकतो. शिवाय तो विद्यार्थी असेल तर आपल्याहून मोठ्या, त्याच गावच्या खेळाडूचा क्रमांक मोठ्याने पुकारण्याचे धाडस त्याला होत नाही; तो हात अर्धवट वर करतो आणि पंच पाहत नाही असे दिसताच खाली घेतो. पंचगिरीतील पुष्कळ अन्याय हा पक्षपातातून होत नसून या अर्ध्या वर गेलेल्या हातातून होतो, असे दीर्घ अनुभवाअंती म्हणावेसे वाटते.

क्रमांक पुकारण्याच्या नियमाला आणखी एक साधी अडचण आहे. अनेक शाळांच्या, विशेषतः लहान गावांतील शाळांच्या आणि धारणी-चिखलदऱ्याकडून येणाऱ्या आश्रमशाळांच्या संघांकडे क्रमांकाचे बनियन नसतात, किंवा असलेले क्रमांक धुऊन पुसट झालेले असतात. मग पंच “ए, निळ्या चड्डीवाला” असे ओरडतो, निळ्या चड्डीचे तिघे मागे वळून पाहतात, आणि ज्याला उद्देशून म्हटले तो पकडीत गुंतलेला असतो. घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला घाईत मारलेली मराठी हाक चटकन उमगत नाही, आणि तो बाद असूनही खेळत राहिला तर कडेचे लोक त्याला अडाणी किंवा लबाड ठरवतात; वास्तविक त्याला कोणी नीट सांगितलेलेच नसते. अशा सामन्यांत पंचाने आरंभीच मुलांना पुढे-मागे खडूने किंवा कागदावर क्रमांक लावायला सांगणे आणि बाद झाल्याची हाताची खूण एकदा करून दाखवणे एवढ्याने निम्मे वाद टळतात. ही मुले डोंगरउतारावर वाढलेली, पायांनी चपळ आणि तोल सांभाळण्यात तरबेज असतात. कडेवर खेळण्यात ती इतरांहून सरस असतात आणि म्हणूनच रेषेवरच्या चुकीच्या निर्णयाचा फटकाही त्यांनाच अधिक बसतो.

या निर्णयांचे मोल एका गुणापुरते नसते. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षांत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. या दोन्हींकडे जाणारी वाट तालुक्याच्या सामन्यापासून सुरू होते, कारण तेथे हरलेला संघ जिल्ह्याला जात नाही आणि जिल्ह्याला न गेलेला खेळाडू राज्याला पोहोचत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला हे सर्व नीट ठाऊक असते. म्हणून तो टाचेच्या ठशाकडे बोट दाखवून रडकुंडीला येतो तेव्हा त्याला शिस्तीचा धडा देण्याआधी पंचाने स्वतःला विचारावे की त्या वेळी त्या टाचेकडे आपल्यापैकी कोणी पाहत होते का.

शालेय स्पर्धांच्या आयोजकांना आणि मुख्याध्यापकांना म्हणून एकच विनंती आहे. दोन्ही अंतिम रेषांवर शिकवून तयार केलेला, खेळणाऱ्या दोन्ही शाळांशी संबंध नसलेला एकेक रेषा पंच आल्याशिवाय सामना सुरू करू नये. बाद खेळाडूंचा क्रम लिहिण्यासाठी त्याच्या शेजारी वेगळा माणूस द्यावा. आणि ही माणसे वेळेवर न मिळाल्यास सामना तासभर उशिरा खेळवावा, पण त्या दोन खुर्च्या रिकाम्या ठेवून तो खेळवू नये.